पाचशे रुपये, सिनेमाचं तिकीट, भाड्याची खोली

इंदूरच्या शाहबानोने एप्रिल १९७८ मध्ये कोर्टाकडे मागितले होते महिन्याला ५०० रुपये. नवरा नावाजलेला वकील, लग्न १९३२ सालचं, आणि १९७५ मध्ये तिला घराबाहेर काढलेलं. खटला चालू असतानाच नोव्हेंबरमध्ये नवऱ्याने तलाक देऊन टाकला. खालच्या कोर्टाने पोटगी ठरवली २५ रुपये, उच्च न्यायालयाने ती वाढवून १७९ रुपये २० पैसे केली. एवढंही देणं नको म्हणून नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या खंडपीठाने त्याचं अपील फेटाळलं आणि जाता जाता समान नागरी कायद्याबद्दलही चार शब्द सुनावले. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मोर्चे निघाले, निकाल बोथट करणारा १९८६ चा कायदा झाला, त्याला उत्तर म्हणून दुसरं राजकारण उभं राहिलं. त्या १७९ रुपये २० पैशांचं काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. निकालाच्याच वर्षी, १९८५ च्या नोव्हेंबरात, शाहबानोनेच जाहीर पत्र काढून निकालाशी फारकत घेतली. सत्तरीला टेकलेल्या बाईला हे का करावं लागलं असेल, ते समजायला फार हुशारी लागत नाही.

तेव्हा इंदूर आणि आमची पोलादनगरी भिलाई एकाच राज्यात होती, त्यामुळे इकडच्या हिंदी वर्तमानपत्रांत हा विषय महिनोन् महिने पुरला. आज मागे वळून सगळा पट पाहिला की एक गोष्ट ठळक दिसते. गेल्या साठ वर्षांत मुस्लिम स्त्रीने जे मागितलं ते प्रत्येक वेळी अगदी रोजच्या जगण्यातलं होतं. पोटगी, सिनेमाचं तिकीट, दुकानातली नोकरी, कॉलेजच्या वर्गातली जागा, खेळायला मैदान, राहायला खोली. आणि प्रत्येक वेळी ती मागणी बाजूला ठेवून आपण धर्म, राष्ट्र, संस्कृती असल्या मोठमोठ्या शब्दांवर भांडत बसलो. ‘मुस्लिम तरुणीचं जगणं आणि तिची मतं’ या विषयाचा आढावा घ्यायचा तर आधी हा ढीग उपसावा लागतो.

या आढाव्यात मी अमेरिकेकडेही पाहणार आहे. यात अमेरिका कशाला, असं कुणी विचारील. भिलाईच्या सेक्टर १० मध्ये राहणाऱ्याला हा प्रश्न पडणार नाही. इथल्या पोलाद कारखान्याच्या सीनियर सेकंडरी शाळेतून पोरं आयआयटीला जातात आणि तिथून कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यू जर्सी. हे इतकं नेहमीचं की अमेरिका इथे परदेशापेक्षा पुढचा सेक्टर वाटते. पण मला अमेरिका आठवते ती आकड्यांमुळे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुस्लिम साडेअकरा टक्के होते आणि छत्तीसगडमध्ये जेमतेम दोन टक्के. अमेरिकेत प्यू संशोधन केंद्राच्या २०१७ च्या अंदाजानुसार साडेचौतीस लाख मुस्लिम होते, म्हणजे एक टक्क्याच्या किंचित वर. या हिशेबाने भिलाईतली मुस्लिम मुलगी मुस्लिमबहुल मुंब्र्याच्या मुलीपेक्षा न्यू जर्सीतल्या मुलीच्या जास्त जवळची ठरते. वर्गात ती बहुधा एकटीच असते, नाहीतर दोघींपैकी एक. जगात कुठे काही घडलं की माना तिच्याकडे वळतात. मुंब्र्यातल्या मुलीला रोज कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही, पण गल्लीतले शंभर डोळे तिच्यावर असतात. भार दोघींनाही आहे, फक्त तो दोन वेगळ्या बाजूंनी पडतो. त्यांना एकाच ‘मुस्लिम स्त्री’ नावाच्या पोत्यात भरलं की दोघींबद्दलही चुकीचं बोललं जातं.

अमेरिकेचं आधी पाहू. तिथल्या मुस्लिम स्त्रियांबद्दल आपल्याकडे दोन ठरलेली चित्रं आहेत. एकात ती स्वातंत्र्य मिळून बुरखा फेकून मोकळी झालेली, दुसऱ्यात ती विमानतळावर रोज अडवली जाणारी. प्यूच्या त्याच पाहणीत सार्वजनिक ठिकाणी नेहमी हिजाब घेणाऱ्या बायका सुमारे ३८ टक्के निघाल्या आणि कधीच न घेणाऱ्या ४२ टक्के. उरलेल्या कधी घेतात, कधी नाही. म्हणजे एकाच घरातल्या दोघी बहिणींत एकीच्या डोक्यावर स्कार्फ आणि दुसरीच्या डोक्यावर नाही, हे तिथे अगदी साधं दृश्य असणार. त्याच पाहणीत, अलीकडे अमेरिकेत मुस्लिम असणं अवघड झालंय असं म्हणणाऱ्या बायका ५७ टक्के होत्या आणि पुरुष ४३ टक्के. हा फरक का, ते उघड आहे. दाढी ठेवणारा पुरुष कुठल्याही धर्माचा असू शकतो, स्कार्फवाली मात्र लांबूनच ओळखू येते.

कायद्याची बाजू तिथे तुलनेने सरळ आहे. २००८ साली ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात समंथा एलॉफ नावाची सतरा वर्षांची मुलगी ॲबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या कंपनीच्या दुकानात नोकरीसाठी मुलाखतीला गेली. मुलाखतीत गुण चांगले पडले, पण डोक्यावर काळा स्कार्फ होता आणि तो कंपनीच्या ‘लूक’च्या नियमात बसत नव्हता. नोकरी मिळाली नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि जून २०१५ मध्ये आठ विरुद्ध एक अशा मतांनी कंपनी हरली. निकालपत्र लिहिलं अँटोनिन स्कॅलिया यांनी, जे त्या न्यायालयातले कट्टर परंपरावादी म्हणून ओळखले जात. त्यांनी स्कार्फ योग्य की अयोग्य, धर्मात त्याची सक्ती आहे की नाही, याची चर्चाच केली नाही. नोकरी नाकारण्यामागे धर्माची सोय करून द्यायची टाळाटाळ होती का, एवढंच पाहिलं. आपल्याकडच्या न्यायाधीशांनी हे जरूर वाचावं असं मला वाटतं, कारण आपण नेमका उलटा रस्ता धरला. त्याबद्दल पुढे येईलच.

म्हणून अमेरिकेत सगळं आलबेल आहे असं नाही. जानेवारी २०१७ मध्ये सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदीचा आदेश निघाला. त्याची बदललेली आवृत्ती पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी टिकली. या बंदीचा एक परिणाम मात्र कुणाच्या हिशेबात नव्हता. हैदराबादेत जन्मलेल्या, चार वर्षांच्या असताना जॉर्जियाला गेलेल्या आणि आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या गझाला हाश्मी या बंदीमुळेच राजकारणात उतरल्या. २०१९ मध्ये त्या व्हर्जिनियाच्या सिनेटवर गेल्या आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या राज्याच्या नायब राज्यपालपदी निवडून आल्या. संपूर्ण राज्याच्या मतदानाने निवडून आलेली ती अमेरिकेतली पहिली मुस्लिम स्त्री. त्यापूर्वी २०१८ मध्ये रशिदा तलैब आणि इल्हान ओमर काँग्रेसवर गेल्या होत्या. ओमर स्कार्फ घेतात आणि सभागृहात डोकं झाकायला १८३७ पासून बंदी होती. जानेवारी २०१९ मध्ये नियम बदलला. तिथे टोपीवरून बराच खल झाला, पण देश काही बुडाला नाही.

मशिदीच्या आतलं भांडण वेगळं आहे, आणि ते तिथल्या बायका स्वतःच लढतात. मार्च २००५ मध्ये इस्लामच्या अभ्यासक आमिना वदूद यांनी न्यूयॉर्कमध्ये स्त्री-पुरुषांच्या एकत्र जमावापुढे जुम्म्याच्या नमाजाची इमामत केली, त्यावरून जगभर गदारोळ झाला. २०१५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसमध्ये फक्त बायकांची मशीद सुरू झाली. इकडे पुण्यातल्या एका जोडप्याने मशिदीत बायकांना नमाज पढू द्यावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला आणि एप्रिल २०१९ मध्ये त्यावर नोटीस निघाली. जानेवारी २०२० मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने प्रतिज्ञापत्रात सांगितलं की इस्लाममध्ये बायकांना मशिदीत यायला मनाई नाही. मनाई नव्हती, मग इतकी वर्षं दार लावलं कुणी, हे बोर्डाला विचारायलाच हवं.

महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास यात मोठा आहे आणि आपण तो समाजसुधारक हमीद दलवाईंच्या नावापाशी संपवून टाकतो. १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत विधानभवनावर मोर्चा गेला, त्यात बायका होत्या फक्त सात. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही त्यांची मागणी होती. नेतृत्व दलवाईंचं होतं हे खरं, पण घरी परतल्यावर शेजारपाजाऱ्यांचं बोलणं त्या सात जणींनीच ऐकून घेतलं असणार. चार वर्षांनी, २२ मार्च १९७० रोजी, पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. दलवाई १९७७ मध्ये, पंचेचाळिशीही न गाठता, गेले. त्यानंतर मंडळाचं काम पुढे नेणाऱ्यांत त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा दलवाई होत्या. त्यांचं ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मकथन वाचलं की सुधारकाच्या घरात सुधारणेची किंमत कोण मोजतं ते कळतं. मराठी वाचकांनी दलवाईंची भाषणं जितकी वाचली तितकं हे पुस्तक वाचलं नाही, ही तक्रार मी पूर्वीपासून करत आलेय.

जळगावचं प्रकरण तर आजच्या पोरींना सांगितलं तर खरं वाटत नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे समाजातल्या पुढाऱ्यांनी फतवा काढला की मुस्लिम बायकांनी सिनेमाला जायचं नाही. रझिया पटेल तेव्हा विशीतल्या होत्या. त्यांनी बायकांना घेऊन थिएटरवर जायचं ठरवलं आणि बंदीला उघड आव्हान दिलं. ‘चाहूल’ या पुस्तकात त्यांनी हे सगळं लिहिलंय. मला या लढ्यात सगळ्यात आवडतं ते मागणीचं साधेपण. त्यांना पिक्चर बघायचा होता. क्रांती, समता वगैरे शब्द नंतर आले, आधी तिकिटाचा प्रश्न होता.

त्याच मातीतून पुढे मुंबईत भारतीय मुस्लिम महिला आंदोलन उभं राहिलं. नूरजहाँ साफिया नियाज आणि झाकिया सोमण यांनी ते २००७ मध्ये सुरू केलं. हाजी अली दर्ग्यात बायकांना मजारीपर्यंत जायची बंदी झाली तेव्हा याच बायका उच्च न्यायालयात गेल्या. २६ ऑगस्ट २०१६ ला निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २९ नोव्हेंबरला त्या आत गेल्या. दुसरीकडे काशीपूरच्या शायराबानोने पत्राने आलेला तलाक न्यायालयात नेला. त्या खटल्यात हे आंदोलनही होतं. २२ ऑगस्ट २०१७ ला तीन विरुद्ध दोन मतांनी तिहेरी तलाक रद्द झाला. २०१९ च्या कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची शिक्षा ठेवली. हा भाग मला पटत नाही. पोटगी मागणाऱ्या बाईच्या नवऱ्याला तुरुंगात घातल्यावर पोटगी देणार कोण? शाहबानोचा मूळ प्रश्न मात्र धडपणे सुटला तो १० जुलै २०२४ ला, जेव्हा सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितलं की घटस्फोटित मुस्लिम बाई जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागू शकते. १९७८ च्या अर्जाला सेहेचाळीस वर्षं लागली.

आता कपड्यांकडे, कारण वाचकाला तेच हवं असतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ ला वर्गातली हिजाबबंदी उचलून धरली, तीही हिजाब हा इस्लामचा अत्यावश्यक भाग नाही असं ठरवून. न्यायाधीशांनी धर्मशास्त्राचा निवाडा करायचा हा तो उलटा रस्ता. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही आणि प्रश्न लटकला. मुंबईत चेंबूरच्या आचार्य-मराठे कॉलेजने २०२४ मध्ये हिजाब, टोपी, बॅज यांवर बंदी घातली. नऊ विद्यार्थिनी उच्च न्यायालयात हरल्या, पण ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बॅजपुरती ती बंदी स्थगित केली. टिळा आणि टिकलीवरही बंदी घालणार का, असं न्यायमूर्तींनी कॉलेजला विचारलं. वर्गात बुरखा मात्र चालणार नाही, असंही सांगितलं.

फ्रान्सने २००४ मध्ये सरकारी शाळांतून स्कार्फ हद्दपार केला. इराणमध्ये स्कार्फ नीट नाही म्हणून पकडलेली महसा अमिनी सप्टेंबर २०२२ मध्ये पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली. एक सरकार काढायला लावतं, दुसरं घालायला लावतं, आणि दोन्हीकडे सरकारला मुलीपेक्षा तिच्या डोक्याची काळजी जास्त. माझं मत विचाराल तर मला हिजाब आवडत नाही. पण माझ्या आवडीसाठी कुणा मुलीचं बीएस्सीचं वर्ष बुडावं, हे मला मान्य नाही. कॉलेज सुटलेल्या मुलीचा हिजाब सुटत नाही, तिचं लग्न लवकर होतं.

मतांचं काय? ती विचारली जातात तेव्हा उत्तरं मिळतात. महिला आंदोलनाने २०१५ मध्ये दहा राज्यांतल्या ४,७१० मुस्लिम बायकांची पाहणी प्रसिद्ध केली. ९२ टक्क्यांना तोंडी, एकतर्फी तलाक नको होता, जवळजवळ तितक्याच जणींना नवऱ्याचं दुसरं लग्न नको होतं. पाहणी करणारी संघटना या मागण्यांच्याच बाजूची होती, हे लक्षात ठेवून हे आकडे वाचायला हवेत. पण एक मत असं आहे की ते कुणी विचारलं नाही आणि तरी सरकारी आकड्यांत उमटलं. १९९२-९३ मध्ये मुस्लिम बाईला सरासरी ४.४ मुलं होत होती, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २.३६. त्या काळात मंचावरून लोकसंख्येवर किती भाषणं झाली असतील! इकडे घराघरात बायकांनी निर्णय घेऊन टाकला होता.

उघडपणे मत मांडण्याची किंमत मात्र वाढत गेली आहे. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२२ मध्ये, पत्रकार, वकील, विद्यार्थिनी अशा बोलक्या मुस्लिम स्त्रियांचे फोटो गिटहबवरच्या ॲपवर ‘लिलावा’ला लावले गेले. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने पकडलेली पोरं विशीच्या आसपासची होती. ज्या मुलीला ‘तुमच्यात बायकांना बोलू देत नाहीत’ म्हणून हिणवलं जातं, तिने तोंड उघडताच हे होतं.

तरी मुली थांबलेल्या नाहीत. मुंब्र्यात ‘परचम’ या संस्थेने २०१२ पासून मुलींचा फुटबॉल सुरू केला, मैदान मिळावं म्हणून मुलींनी सह्या गोळा केल्या. यवतमाळच्या रिक्षाचालकाची मुलगी अदिबा अनम केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या परीक्षेत १४२ वी आली आणि महाराष्ट्रातली पहिली मुस्लिम महिला आयएएस म्हणून बातम्यांत झळकली. पहिली! राज्य स्थापन होऊन पासष्ट वर्षं झाल्यावर. अभिनंदन करताना या आकड्याची लाजही वाटायला हवी होती, ती कुठे दिसली नाही.

शिक्षणानंतर नोकरी, आणि नोकरीच्या आधी घर. इथे भिलाईचा अनुभव सांगण्याजोगा आहे. १९५५ च्या सोव्हिएत करारातून इथला पोलाद कारखाना उभा राहिला आणि टाउनशिपमधली क्वार्टर ग्रेड व नोकरीची वर्षं बघून मिळत गेली. जात-धर्म बघून नाही. केरळी, बंगाली, तेलुगू, छत्तीसगढी, मराठी, मुस्लिम अशी भिंतीला भिंत लागलेली घरं झाली. ईदचा शीरखुर्मा आणि दिवाळीच्या चकल्यांची देवाणघेवाण भिलाईकर फार कौतुकाने सांगतात, मला ते कौतुक थोडं स्वस्त वाटतं. खरा फायदा वेगळा होता. मुस्लिम कामगाराच्या मुलीला शाळा तीच मिळाली जी मॅनेजरच्या मुलीला, आजारपणात हॉस्पिटल तेच सेक्टर ९ चं, आणि सायकलवर जायला तोच दिवे असलेला रस्ता. तिला कुणी उदार होऊन सामावून घेतलं नव्हतं, नियमानेच ती तिथे होती.

हा नियम वडिलांच्या निवृत्तीबरोबर संपतो. क्वार्टर सोडावं लागतं, आणि मग घर घेताना जो तो आपल्या माणसांकडे सरकतो. अनेक मुस्लिम कुटुंबं फरीदनगरसारख्या वस्तीकडे वळतात. कारखान्यातली कायम नोकरभरती आटली, तशी टाउनशिपची ही मिसळणही विरळ होत चाललीय. शिकलेली मुलगी पुण्या-मुंबईला नोकरीला जाते आणि तिथे तिला आयुष्यात पहिल्यांदा नावामुळे दार बंद झाल्याचा अनुभव येतो. २०१५ मध्ये वडाळ्यात एका तरुण मुस्लिम मुलीला भाड्याचा फ्लॅट सोडावा लागला, तक्रार राष्ट्रीय अल्पसंख्याक आयोगापर्यंत गेली, चार दिवस चर्चा झाली आणि विरली. अमेरिकेत घर भाड्याने देताना धर्म पाहणं १९६८ च्या कायद्याने बेकायदा ठरलं आहे. आपल्याकडे खासगी घरमालकाला अडवणारा असा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर भिलाई, नागपूर, पुणे इथे ज्यांच्या खोल्या भाड्याने द्यायच्या आहेत, त्यांनी येणाऱ्या मुलीचं ओळखपत्र पाहावं, पगाराची पावती मागावी, पोलीस पडताळणी करावी, अनामत रक्कम घ्यावी. पण नाव ऐकून फोन ठेवू नये.